भिंत धावत येत नाही

माझा मुलगा तिसरीत असताना एक दिवस शाळेतून आला आणि म्हणाला, मला हॉन्कबल खेळायचंय. बेसबॉलला इथे डच लोक हॉन्कबल म्हणतात. मी म्हटलं, अरे फुटबॉल आहे, हॉकी आहे, शोधलं तर क्रिकेटसुद्धा मिळेल. तो म्हणाला, हॉन्कबलच. वर्गातला कुणीतरी जात होता, एवढंच कारण. आम्ही तेव्हा कापेलमध्ये नुकतंच घर घेतलं होतं. नदीच्या बंधाऱ्याखाली क्लबचं मैदान होतं, सायकलवर बसून घाम यायच्या आत पोचता येईल इतकं जवळ. मी त्याला सोडायला गेलो आणि तिथेच थांबलो. पुढची दहाएक वर्षं माझे बहुतेक रविवार त्या मैदानाच्या कडेला गेले.

मी चिंचवडचा. लहानपणी कॉलनीच्या मैदानात मला शेवटी बॅटिंग मिळायची, तीही अंधार पडला नाही तर. त्यामुळे पोराने खेळात काही करावं अशी माझी फार अपेक्षा नव्हती. पण तो टिकला. मुलांच्या संघातून मोठ्या मुलांच्या, आणि एकोणिसाव्या वर्षी क्लबच्या पहिल्या संघात सेकंड बेसवर. आमच्या ऑफिसात मी हे दोन-तीनदा तरी सांगितलं असेल. कुणाला बेसबॉल कळत नव्हता, पण 'पहिला संघ' कळत होतं.

मला खेळ शिकवला तो एका म्हाताऱ्याने. बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला, लांब हाडांचा, कान मोठे, बोलताना समोरच्याकडे न बघणारा. मैदानाच्या कडेला लाकडी बाकांच्या तीन ओळी होत्या आणि तो कायम मधल्या ओळीत, पहिल्या बेसच्या बाजूला बसायचा. पहिल्याच वर्षी त्याने मला हाताने खूण करून शेजारी बसवलं. माझं नाव त्याला कधी नीट घेता आलं नाही. तो मला 'बुरमान' म्हणायचा, म्हणजे शेजारी. मी त्याला मराठीत मनातल्या मनात आजोबा म्हणायचो आणि डचमध्ये आदराने बोलायचो, त्यावर तो दर वेळी हसायचा.

"चेंडूकडे बघू नकोस," तो म्हणायचा. "चेंडूकडे सगळेच बघतात. पायांकडे बघ. माणूस काय करणार आहे ते पाय आधी सांगतात."

मी पायांकडे बघायला लागलो. मागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरचे गुडघे, चेंडू टाकणाऱ्या पिचरची टाच, बेसवर उभ्या असलेल्या माणसाचा पुढे सरकत जाणारा बूट. बायको दिवाळीला त्याच्यासाठी चकल्या द्यायची. तो त्या बिअरबरोबर खायचा आणि म्हणायचा, तिखट अजून चाललं असतं. आमच्या मुलाचे आजोबा पुण्याला होते आणि व्हिडिओ कॉलवर दिसायचे. हा आजोबा दर रविवारी दिसायचा. पोराने लहानपणी पहिल्यांदा हवेतला चेंडू धरला तेव्हा उठून उभा राहिलेला माणूस तोच होता. मी कुणाची तरी सायकल बाजूला करत होतो.

ज्या वर्षाबद्दल सांगतोय त्या वर्षी आमचा पहिला संघ हरत सुटला होता. एप्रिलमध्ये हरले, मे महिन्यात हरले, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा येऊन हरले. बाकांवरची गर्दी विरळ झाली. उरले ते आम्ही काही जण. मी, म्हातारा, आणि प्राथमिक शाळेत शिकवणारी एक बाई. तिचा या क्लबात कुणीच नातेवाईक नव्हता, पण ती एकही सामना चुकवत नसे. पन्नाशीची, आखूड केस, गळ्यात कायम दुर्बीण. पोरं सगळी समोर वीस पावलांवर, दुर्बिणीची काही गरज नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "चेहरे बघायला. चूक झाल्यावर कोण कुणाकडे बघतो ते मला आवडतं."

हरणाऱ्या संघाच्या प्रेक्षकांना एक वेगळीच मजा सापडते. जिंकणाऱ्या संघाबद्दल बोलायला फार काही नसतं. आमच्याकडे दर रविवारी बोलायला माणसं होती. थर्ड बेसवाल्याला ती बाई 'चाळणी' म्हणायची, कारण त्याच्यातून सगळं जात असे. जाड्या आउटफिल्डरला म्हातारा 'गोदाम' म्हणायचा. पिचरचा त्या वर्षी घटस्फोट चालला होता, आणि तो मैदानात उतरला की बाई हळूच म्हणायची, "आज वकिलाचा फोन आलेला दिसतोय." मी हसायचो. खरं सांगायचं तर विनोद चांगले असायचे. माझं डच तेव्हा इतकं झालं होतं की मला विनोद कळायचे, आणि कळल्याचा आनंद वेगळा. माझ्या मुलाला त्यांनी माझ्यासमोर कधी नावं ठेवली नाहीत. ते मी आदर समजत होतो.

हंगामाचा शेवटचा सामनाही हरलो. सप्टेंबरची दुपार होती, वारा नदीवरून सरळ मैदानात येत होता. सामना संपल्यावर सगळे कॅन्टीनमध्ये शिरले. कॅन्टीन म्हणजे एक लांबट खोली, एका बाजूला बार, भिंतीवर जुन्या संघांचे फोटो, तळणीचा वास कायमचा पडद्यांत बसलेला. पुढच्या वर्षासाठी क्लबने नवा कोच ठरवला होता. तो चाळिशीचा, अगदी शांत माणूस, त्या दिवशी ओळख करून घ्यायला आला होता. खेळाडू अजून अंघोळी करत होते. फक्त कॅचर आत येऊन बसला होता, खुर्चीवर पाय ठेवून, गुडघ्यावर बर्फाची पिशवी.

नवा कोच आमच्या टेबलापाशी आला. हातात कॉफी. म्हणाला, "तुम्ही इतकी वर्षं बघताय. मी बाहेरचा. तुम्ही माझ्या जागी असता तर संघ कसा उभा केला असता? मोकळेपणाने सांगा."

मोकळेपणाने सांगा, हे या देशात कुणाला सांगावं लागत नाही.

सुरुवात पिचरपासून झाली. बाई म्हणाली, "खांदा गेलाय त्याचा. लग्न गेल्याचं दुःख आहे, पण खांदा त्याआधीच गेला होता."

म्हातारा म्हणाला, "त्याला एक वर्ष बसू दे. आता घरी वेळच वेळ आहे."

टेबलावरचे हसले. मीही हसलो. मग थर्ड बेस. बाई म्हणाली, त्याला ठेवून काही उपयोग नाही, चांगला मुलगा आहे पण चांगली मुलं शाळेत पुरेशी आहेत. गोदामाबद्दल म्हाताऱ्याने मत दिलं की त्याला पहिल्या बेसवर उभं करावं, तिथे पळावं लागत नाही आणि सावलीही पडते. कॅचरबद्दल तर तो समोर बसलेला असतानाच बोलले. "तुझे गुडघे अजून एक हंगाम धरतील का?" म्हाताऱ्याने त्यालाच विचारलं. कॅचर म्हणाला, "अर्धा." "मग अर्ध्या हंगामानंतरचा माणूस आत्तापासून शोधायला हवा," म्हातारा म्हणाला, आणि कॅचरने मान डोलावली, जणू कुणी दुसऱ्याच्याच गुडघ्यांबद्दल बोलत होतं.

कोच ऐकत होता.

"पण कुठून सुरुवात करायची?" त्याने विचारलं. "सगळे एकदम बदलता येत नाहीत."

म्हाताऱ्याने ग्लास खाली ठेवला. तो माझ्या शेजारी बसला होता, त्याचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं.

"सेकंड बेस," तो म्हणाला.

मला आधी वाटलं तो काहीतरी चांगलं सांगतोय. म्हणजे, सेकंड बेस ठेवा, बाकीचं त्याभोवती बांधा, असं काहीतरी. इतकं मला अजून वाटू शकत होतं.

"तिथे बाकी सगळ्यांचं नुकसान होतं," तो म्हणाला. "पिचर चांगला टाकतो, चेंडू जमिनीवर येतो, शॉर्टस्टॉप उचलतो, सेकंड बेसला देतो, आणि तिथे सगळं संपतं. पोरगा पाय आधी उचलतो. चेंडू हातात यायच्या आत पाय बेसवरून निघालेला असतो. अंगावर येणाऱ्या माणसाची भीती वाटते त्याला."

खेळ माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. शॉर्टस्टॉप म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे उभा असलेला खेळाडू. पहिल्या बेसवरचा माणूस दुसऱ्या बेसकडे जोरात पळत येतो आणि शेवटी घसरत येतो, बूट पुढे करून. सेकंड बेसवाल्याने त्याच वेळी बेसवर पाय ठेवून चेंडू घ्यायचा आणि लगेच पहिल्या बेसकडे फेकायचा. पायांवर बूट येत असताना पाय जागेवर ठेवायचा, एवढंच ते काम. माझ्या मुलाला सोळाव्या वर्षी एकाचा बूट घोट्यात लागला होता. टाके पडले होते. घोटा बरा झाला.

आणि म्हातारा जे बोलत होता ते मला दिसत होतं. ते सगळ्यात वाईट होतं. त्यानेच मला पायांकडे बघायला शिकवलं होतं, आणि मी सगळा हंगाम सगळ्यांच्या पायांकडे बघितलं होतं. फक्त एका जोडीकडे बघायचं टाळलं होतं. आता त्याने सांगताच तो पाय डोळ्यांसमोर आला. हलकासा, टाच आधी, मग चवडा.

मी बोललो. या टेबलावर मी सहसा ऐकायचो, पण तेव्हा बोललो. डचमध्ये मोठं वाक्य बोलायचं तर मला आधी डोक्यात जुळवावं लागतं. त्या दिवशी न जुळवताच सुरू केलं.

"माझा मुलगा खूप मेहनत करतो," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत नाही. तो रोज सराव करतो. एकटा. आमच्या घरामागे गॅरेजची भिंत आहे, तिथे रोज संध्याकाळी चेंडू मारतो. थंडीतसुद्धा. पाऊस असला तरी."

टेबल शांत झालं. मला वाटलं, लागलं बरोबर.

बाईने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखर वाईट वाटल्यासारखं काहीतरी आलं.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज."

"मग तर प्रश्नच मिटला," ती म्हणाली. "मी खरं म्हणजे त्याच्या बाजूने बोलणार होते. मला वाटायचं तो आळशी आहे. आळस घालवता येतो. मी सांगणार होते की याला अजून एक वर्ष द्या, कुणीतरी मागे लागलं तर सुधारेल." तिने कोचकडे बघितलं. "पण रोज सराव करून जर हे असेल, तर हे एवढंच आहे."

कुणी हसलं नाही.

म्हातारा ग्लासाकडे बघत म्हणाला, "भिंत धावत येत नाही, बुरमान."

आवाजात राग नव्हता, चेष्टा नव्हती. पिचरच्या खांद्याबद्दल बोलताना होता तोच आवाज. कोच म्हणाला, "हं." मग त्याने विचारलं की शॉर्टस्टॉपबद्दल काय वाटतं, आणि शॉर्टस्टॉप सगळ्यांनाच आवडत होता, त्यामुळे टेबल पुन्हा बोलायला लागलं. बारवरच्या माणसाने गरम बिटरबालनची, म्हणजे मांसाच्या तळलेल्या गोळ्यांची, थाळी आणून ठेवली. म्हाताऱ्याने ती आधी माझ्याकडे सरकवली. मी एक घेतला. तोंड भाजलं, तरी गिळला, कारण थुंकायला उठलो असतो तर सगळ्यांनी बघितलं असतं.

खेळाडू आत आले तेव्हा आमचा मुलगा ओल्या केसांनी सरळ माझ्याकडे आला आणि म्हणाला, मी नंतर येतो, तू जा. मी सायकलवरून एकटा घरी आलो. बायकोने विचारलं, हरले का. मी म्हटलं, हरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर तो स्वयंपाकघरात उभा होता. आमचा मुलगा मराठी समजतो, लहानपणी बोलायचाही. पण कळायला लागल्यापासून उत्तरं डचमध्ये देतो, आणि चिडला की फारच शुद्ध डचमध्ये. त्याने फोन माझ्यासमोर धरला. संघाचा ग्रुप होता. त्यावर कुणीतरी विटांच्या भिंतीचं छोटं चित्र टाकलं होतं. त्याखाली दुसऱ्याने तेच. मग तिसऱ्याने. खाली खाली नुसत्या भिंती. शेवटी पिचरने, ज्याच्या घटस्फोटावर आम्ही वर्षभर हसत होतो, लिहिलं होतं, भिंतीने तुला हरवलं का रे?

कॅचर ऐकत बसला होता हे मी विसरलोच होतो.

"तू सांगितलंस त्यांना," मुलगा म्हणाला.

"मी तुझी बाजू घेत होतो. ते तुझ्याबद्दल काय बोलत होते तुला माहीत नाही."

"मला माहीत आहे ते काय बोलतात. सगळ्यांना माहीत आहे. पाय उचलतो म्हणतात. उचलतो मी."

"मग?"

"मग काही नाही. मी सगळ्यांना सांगायचो की मी काही करत नाही. सराव नाही, जिम नाही, नुसता येतो आणि खेळतो. म्हणून हरलो तरी चालायचं. त्यांना वाटायचं, याने मनावर घेतलं तर हा भारी खेळेल." त्याने फोन खिशात ठेवला. "आता त्यांना कळलं की मी मनावर घेतलं होतं."

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "अरे, मेहनत करण्यात लाज कसली?"

तो तिच्याकडे वळून म्हणाला, "आई, तुला नाही कळणार." हे मात्र मराठीत म्हणाला.

मला वाटतं तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. आमच्या ऑफिसातही अशी माणसं आहेत, रात्रंदिवस राबणारी, आणि त्यांच्याबद्दल काय बोललं जातं ते मी ऐकलेलं आहे. मेहनती आहे, असं ज्याच्याबद्दल आधी सांगतात त्याला बढती मिळत नाही.

त्या संध्याकाळी तो भिंतीकडे गेला नाही. मी सात वाजता खिडकीत जाऊन उभा राहिलो. रोजचा तो आवाज, ठप, मग थोडी शांतता, मग ठप, इतकी वर्षं आमच्या जेवणाच्या आधी असायचा. खालच्या मजल्यावरची बाई त्याबद्दल दोनदा तक्रार घेऊन आली होती. काही आठवड्यांनी ती जिन्यात भेटली आणि म्हणाली, थँक्यू, आता खूप शांत वाटतं.

कोचचा फोन ऑक्टोबरमध्ये आला. आम्ही जेवत होतो. मुलगा ब्रेडला लोणी लावत होता, हात चिकट होते, म्हणून त्याने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. कोचचा आवाज अगदी चांगला होता. म्हणाला, पुढच्या वर्षी आम्ही सेकंड बेसवर दुसऱ्या कुणाला तरी आणतोय. तू अजून तरुण आहेस. दुसऱ्या संघात जागा आहे, तिथे सगळे मजेसाठी खेळतात, दबाव नसतो, तुला तिथे बरं वाटेल.

"प्रिमा," मुलगा म्हणाला. म्हणजे, ठीक आहे, उत्तम.

"काही विचारायचंय का?"

"नाही."

"तुझे बाबा छान माणूस आहेत," कोच म्हणाला. "तुझ्यासाठी बोलले ते."

मुलाने फोन बंद केला. ब्रेडवर चीजचा तुकडा ठेवला, त्यावर दुसरा ब्रेड ठेवला, आणि सगळा खाल्ला. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी वरण वाढून घेतलं, पानात आधीचं असताना.

बायकोला हे सहन झालं नाही. ती पाळणाघरात काम करते. तिचं डच माझ्याहून खूप चांगलं आहे, पण ते सगळं दोन-तीन वर्षांच्या मुलांबरोबर शिकलेलं. शनिवारी बाजारात मासेवाल्याच्या रांगेत तिला म्हातारा दिसला. मी बटाट्यांच्या गाडीपाशी होतो. मी पोचेपर्यंत ती त्याच्यासमोर उभी होती आणि पोरांशी बोलते त्या सुरात त्याला म्हणत होती, "तुम्ही केलंत ते छान होतं का? नव्हतं ना? मग आता काय म्हणायचं?"

रांगेतले लोक वळून बघायला लागले. म्हातारा तिच्यापेक्षा हातभर उंच. त्याने टोपी काढली.

"सॉरी म्हणायचं, असं तुम्हाला वाटतं," तो म्हणाला. "पण मला तसं वाटत नाही. मी खोटं बोललो असतो तर म्हटलं असतं."

"तुम्ही त्याला लहानपणापासून बघितलंय."

"म्हणूनच. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर कोचने ऐकलं नसतं." रांग पुढे सरकली, तोही सरकला. "मलाही काढलं होतं, मॅडम. याच क्लबातून. बाविसाव्या वर्षी. माझे वडील तिथेच बसले होते. ते म्हणाले, बरोबर आहे. मग आम्ही घरी गेलो आणि मटाराचं सूप प्यायलो. मी दुसऱ्या रविवारी येऊन बाकावर बसलो. अजून बसतोय."

त्याला वाटलं बोलणं संपलं. त्याने मासेवाल्याला दोन हेरिंग मागितले, कांदा घालून. मग तिच्याकडे वळून अगदी सहज विचारलं, "या वर्षी चकल्या करणार का?"

"नाही," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. खरंच त्याला फक्त तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

घरी येताना ती रडली नाही. बटाट्यांची पिशवी माझ्या हातातून घेऊन ती पुढे चालत राहिली. घराच्या दाराशी म्हणाली, "आपण आणलं इथे त्याला. इथे लोक असं बोलतात आणि नंतर मासे खातात." मी म्हटलं, आपल्याकडे पाठीमागे बोलले असते. ती म्हणाली, "पाठीमागे बोलले असते तर बरं झालं असतं."

मुलाला युट्रेख्टला विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि जानेवारीत तिथे खोलीही मिळाली. आम्ही भाड्याची व्हॅन घेऊन सामान पोचवलं. खोली आवरताना त्याचा ग्लोव्ह कपाटात सापडला नाही. मी विचारलं, ग्लोव्ह कुठे आहे. तो म्हणाला, दिला. कुणाला ते मी विचारलं नाही. हॉन्कबलबद्दल तो बोलत नव्हता. क्लबच्या दुसऱ्या संघात, जिथे मजेसाठी खेळतात तिथे, तो एकदाही गेला नाही.

एप्रिलमध्ये हंगाम सुरू झाला. पहिल्या दोन रविवारी मी घरी बसलो. तिसऱ्या रविवारी ऊन पडलं आणि बायको मैत्रिणीकडे डीमनला गेली होती. मी सायकल काढली. स्वतःला सांगितलं, बंधाऱ्यावरून एक चक्कर मारून येतो. चक्कर मैदानापाशीच संपली.

म्हातारा मधल्या ओळीत होता. त्याने हाताने शेजारची जागा दाखवली. बाई दुर्बीण लावून बसली होती. दोघांनीही, इतके दिवस कुठे होतास, असं विचारलं नाही. थर्ड बेसवर नवीन मुलगा होता. जुना पिचर नव्हता, त्याचा खांदा आता कुठे असेल कोण जाणे. कॅचर होता, एका गुडघ्यावर पट्टा बांधून. आणि सेकंड बेसवर एक बुटका, लाल केसांचा मुलगा, दुसऱ्या गावच्या क्लबातून आणलेला.

मी ठरवलं होतं की त्याच्या पायांकडे बघायचं नाही.

चौथ्या डावात चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे गेला. समोरच्या संघाचा पळणारा धिप्पाड होता, आणि तो बूट पुढे करून सरळ लाल केसांच्या मुलाच्या पायांवर घसरला. त्या मुलाचा पाय हलला नाही. चेंडू हातात आला, मग फेकला गेला, आणि त्यानंतरच तो आडवा झाला, पळणाऱ्याच्या अंगावर. पहिल्या बेसकडे पळणाराही बाद झाला. एकदम दोन. तो मुलगा धुळीतून उठला, कोपर सोललं होतं, रक्त येत होतं, आणि तो हसत होता.

बाईने दुर्बीण खाली केली आणि माझ्याकडे बघितलं. तिला माझा चेहरा बघायचा होता, आणि त्यासाठी दुर्बिणीची गरज नव्हती.

मी टाळ्या वाजवत होतो. हात कधी उचलले ते मला कळलं नव्हतं. ते खेळणं इतकं सुंदर होतं की ते बघून हात मांडीवर ठेवणं शक्य नव्हतं, आणि मला त्या मुलाचा तितकाच द्वेष वाटत होता. दोन्ही एकाच वेळी. आम्ही तो सामना जिंकलो. त्यानंतरचाही जिंकलो. संघ बदलायचा तर असा बदलावा, असं सगळे म्हणत होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्या रविवारी घरी आल्यावर मुलाचा फोन आला. तो स्वयंपाक करत होता. मागे कुणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती. त्याला आईला विचारायचं होतं की भातात पाणी किती घालायचं, पण ती घरी नव्हती. मी सांगितलं.

"गेला होतास का?" मग त्याने डचमध्ये विचारलं.

मी खोटं बोलू शकलो असतो. "हो," मी म्हटलं.

"नवीन कसा आहे?"

तो वाट बघत होता. मागचं हसणं थांबलं होतं, किंवा त्याने दार बंद केलं असेल.

"चांगला आहे," मी म्हटलं.

"माझ्यापेक्षा?"

"हो."

"ओके," तो म्हणाला. आवाजात काहीच नव्हतं. मग म्हणाला, "मग बरोबरच केलं त्यांनी."

मी म्हटलं, "या शनिवारी घरी येतोस का? आई पुरणपोळी करणार आहे." आई तसं काही करणार नव्हती. मी तिला नंतर सांगणार होतो.

"बघतो," तो म्हणाला. "रुळांचं काम चालू आहे. गाड्या नाहीत."

"मग मी गाडी घेऊन येतो न्यायला."

"नको, बाबा," तो म्हणाला. "खूप लांब पडतं." मग त्याने सांगितलं की भाताला उकळी आलीय, आणि फोन ठेवला.